मुंबई बंदराची 'मॅग्डाला' : १८७० सालच्या चिलखती नौकेची प्रतिकृती करताना प्रमाण, रिबिटे आणि रंग

गलबतवाला (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. निवृत्तीनंतर हाताला काम हवे म्हणून मी जहाजांच्या प्रतिकृती करू लागलो आणि गेल्या वर्षी अमेरिकन यादवी युद्धातील 'मॉनिटर' १:१४४ या प्रमाणात पूर्ण केली. चिलखती नौकांची गोडी मला तिच्या फिरत्या बुरुजाने लावली. मूळ बुरूज एक-एक इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यांचे आठ थर एकमेकांवर बसवून केलेला होता आणि त्याचा आतला व्यास २० फूट होता. १:१४४ ला एक इंच म्हणजे ०.१७६ मिमी होतो, आणि घरातला जाड ड्रॉइंग पेपर मायक्रोमीटरमध्ये धरला तर तो ०.१८ मिमी भरला. मग औषधाच्या एका गोल बाटलीवर कागदाचे वेढे देऊन ४२.३ मिमी व्यासाचा साचा केला आणि त्यावर, कोणत्याही थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येणार नाही अशा बेताने, त्याच कागदाचे आठ थर फेविकॉलने चढवले. हा बुरूज आता टिचकी मारली की लाकडासारखा वाजतो. डेकने मात्र दगा दिला. पुठ्ठ्याच्या फक्त वरच्या बाजूला पत्र्यांचे तुकडे चिकटवण्याची चूक मी केली आणि जुलैच्या दमट हवेत त्याची छान पन्हळ झाली.

आता मला 'मॅग्डाला' करायची आहे. गेटवेहून घारापुरीच्या लाँचने जाताना मिडल ग्राउंडचे तटबंदीचे चिमुकले बेट दिसते, तेव्हा मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी याच पाण्यात एके काळी दोन चिलखती नौका ठेवलेल्या होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. 'मॅग्डाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया' या दोन्ही नौका १८७० साली इंग्लंडमध्ये पाण्यात उतरल्या. मुंबईहून निघालेल्या फौजेने १८६८ साली अ‍ॅबिसिनियात जाऊन मॅग्डालाचा किल्ला घेतला होता, त्यावरून ही नावे पडली. दोघींनी आपले बहुतेक सारे आयुष्य मुंबईतच काढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विकल्या गेल्या.

माझ्या शंका अशा आहेत. नौकेची लांबी २२५ फूट दिलेली आढळते, म्हणजे १:१४४ ला सुमारे ४७.६ सेंमी आणि १:९६ ला ७१.४ सेंमी. माझ्या काचेच्या कपाटाचा कप्पा आतून ६० सेंमी आहे, त्यामुळे मनात १:१२० आहे, त्यात ती ५७ सेंमीची होईल. हे प्रमाण कोणी वापरते का? दुसरे म्हणजे, आराखडे कोठून मिळवावेत? तिसरे, 'मॉनिटर'वर मी टाचणीने रिबिटे (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी) उठवली होती, तशीच इथे नौकेच्या सगळ्या कडेने उठवावीत का, आणि इतक्या बारीक प्रमाणात ती कशी करावीत? शेवटचे म्हणजे रंग. मला तिची जी मोजकी छायाचित्रे पाहायला मिळाली, त्यांत सगळे काळे किंवा करडेच दिसते.

सागरवेडा (मेलबर्न) यांचा प्रतिसाद

आपला विषय वाचून फार आनंद झाला, कारण 'मॅग्डाला'ची थोरली बहीण माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर समुद्रात उभी आहे. 'सर्बरस' ही नौका ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीसाठी इंग्लंडमध्ये जॅरो येथे बांधली गेली, १८६८ साली पाण्यात उतरली आणि १८७१ मध्ये मेलबर्नला पोहोचली. १९२६ साली लाटा अडवण्यासाठी तिला ब्लॅक रॉकजवळ हाफ मून बेमध्ये बुडवून ठेवले. किनाऱ्यावरून तिचे दोन्ही बुरूज साध्या डोळ्यांनी दिसतात. १९९३ साली तिचे खालचे धड चिलखताच्या भाराने खचले आणि नौका आणखी खाली बसली, त्यानंतर बुरुजांवरचे वजन कमी व्हावे म्हणून चारही तोफा काढून शेजारीच समुद्रतळावर ठेवल्या आहेत. एकेक तोफ १८ टनांची आहे, यावरून त्या खचलेल्या लोखंडावर काय भार होता याची कल्पना येईल.

'सर्बरस' आणि 'मॅग्डाला' या दोन्ही ब्रिटिश नौदलाचे नौकारचनाकार एडवर्ड रीड यांच्या एकाच आराखड्यावर बेतलेल्या असल्यामुळे आपल्याला 'सर्बरस'चे आराखडे आधार म्हणून वापरता येतील. तिच्या जतनासाठी झटणाऱ्या 'फ्रेंड्स ऑफ द सर्बरस' या मंडळींनी चित्रे, मापे आणि छायाचित्रे यांचा मोठा साठा केला आहे, आणि ब्रिटिश नौदलाच्या जुन्या आराखड्यांसाठी ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे चौकशी करावी. 'अ‍ॅबिसिनिया'ला मात्र हेच आराखडे लावू नका. ती स्वस्तात बसावी म्हणून लहान केलेली नौका आहे. तिची रुंदी ४२ फूट होती आणि 'मॅग्डाला'ची ४५ फूट. १:१२० ला हा फरक साडेसात मिमीहून जास्त पडतो आणि तो कोणाच्याही नजरेत भरेल.

कामाला लागण्यापूर्वी या नौकेची घडण नीट समजून घ्यावी, कारण 'मॉनिटर' केलेल्या माणसाचा हात नकळत 'मॉनिटर'सारखाच चालतो. एरिक्सन या अभियंत्याने रचलेल्या 'मॉनिटर'चा बुरूज डेकवर बसवलेल्या पितळी कड्यावर टेकलेला असे, तो फिरवण्यापूर्वी मधल्या दांड्यावर किंचित उचलावा लागे आणि समुद्र खवळला की त्या सांध्यातून पाणी आत येई. रीड यांनी यावर तोडगा काढला तो असा: नौकेचे धड पाण्यावर जेमतेम साडेतीन फूट ठेवायचे, पण त्याच्या मधल्या भागावर सुमारे सात फूट उंच चिलखती कठडा चारी बाजूंनी उभारायचा आणि दोन्ही बुरुजांचे बूड, धुराड्याचा तळ आणि खाली उतरायची दारे या कठड्याच्या पोटात घ्यायची. यालाच ब्रेस्टवर्क म्हणतात. बुरूज कोल्स या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या पद्धतीचे, म्हणजे कडेखाली बसवलेल्या रुळांवर फिरणारे आहेत, त्यामुळे आपल्याला बुरुजाचा फक्त वरचा भाग दिसतो आणि त्याखाली कसलीही फट नसते.

१:१२० ला साडेतीन फूट म्हणजे अवघे ८.९ मिमी आणि सात फूट म्हणजे १७.८ मिमी. पाण्याच्या रेषेपर्यंतच प्रतिकृती केली, तर नौकेचे धड ही जवळपास एक पातळ फळी असते आणि सगळी गंमत तिच्यावरच्या पेटीत असते. कठड्याची उंची अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी नौका ओळखू येत नाही, हे मी स्वतःच्या पहिल्या प्रयत्नावरून सांगतो. तो आता मुलीच्या वाळूच्या खेळण्यांत आहे.

एक सूचना आणखी. २२५ फूट ही लंबांमधली लांबी आहे, म्हणजे नाळेपाशी आणि सुकाणूपाशी कल्पिलेल्या दोन उभ्या रेषांमधले अंतर. टोकापासून टोकापर्यंत नौका त्याहून थोडी जास्त भरते, त्यामुळे ६० सेंमीच्या कप्प्यात ५७ सेंमीची नौका ठेवण्याचा बेत वाटतो तितका ऐसपैस नाही. आधी आराखड्यावर पट्टी ठेवून मोजावे.

फिटर (डोंबिवली) यांचा प्रतिसाद

चाळीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली, त्यामुळे रिबिटांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे लागते असे समजतो.

नौकेच्या सगळ्या कडेने रिबिटे उठवू नयेत. ब्रिटिश चिलखताचे घडीव लोखंडाचे जाड पत्रे रिबिटांनी जोडलेले नसून बोल्टांनी आवळलेले असत. बोल्टाचे डोके शंकूच्या आकाराचे असे, ते बाहेरून पत्र्यातल्या तशाच आकाराच्या भोकात बसून पत्र्याशी सपाट होई, आणि नट आतल्या बाजूला, मधल्या सागवानाच्या थरापलीकडे आवळला जाई. मुलाकडे गेलो असताना पोर्ट्समथला 'वॉरियर' पाहिली. ती १८६० सालची, साडेचार इंच लोखंडामागे अठरा इंच सागवान अशा भिंतीची, आणि 'मॅग्डाला' ज्या टेम्स आयर्नवर्क्समध्ये बांधली गेली त्याच कारखान्यातली. तिचे चिलखत शेजारच्या धक्क्यावरून न्याहाळले तर पत्र्यांचे सांधे दिसतात, काही ठिकाणी बोल्टांची गोल खूण दिसते, पण वर आलेले डोके एकही नाही. ब्रिटिश चिलखती नौकेच्या प्रतिकृतीवर रिबिटांचे पुरळ दिसले की ती करणाऱ्याने लोखंड समजून घेतलेले नाही, असे मी खुशाल म्हणतो.

तेव्हा धडाच्या चिलखती पट्ट्यावर, ब्रेस्टवर्कवर आणि बुरुजांवर फक्त सांधे दाखवावेत, आणि तेही कोरून नव्हे. ०.२५ मिमीच्या स्टायरीन शीटचे (पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचे) चौकोन कापून, कडा अगदी हलक्या हाताने घासून, एकमेकांना भिडवून चिकटवले की रंगानंतर सांध्याची केसाएवढी रेघ उरते आणि तेवढी पुरते. रिबिटे दाखवायची ती पातळ पत्र्याच्या कामावर, म्हणजे धुराड्याच्या उभ्या सांध्यांवर, वरच्या पातळ पत्र्याच्या खोलीवर आणि हवेच्या नळ्यांच्या कड्यांवर. खऱ्या रिबिटाचे डोके दीड इंचाचे धरले, तर १:१२० ला ते ०.३ मिमी होते. यासाठी शिंप्याचे दातेरी चाक घेऊन घरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या मागून, खाली जुना माउसपॅड ठेवून, पट्टीच्या आधाराने फिरवावे. शिंप्याच्या चाकाचे दात फार लांब लांब असतात, म्हणून रेघ एकदा काढून झाल्यावर दुसऱ्यांदा मधल्या जागांतून काढावी. फॉइल धुराड्यावर चढवताना बोटाने दाबू नये, नाहीतर सगळी मेहनत सपाट होते. मऊ ब्रशने पातळ फेविकॉल लावून ते फक्त टेकवावे.

लोखंडाची जाडी दिसते ती एकाच ठिकाणी, तोफेच्या खिडकीत, आणि बहुतेक जण नेमके तिथेच घसरतात. या बुरुजांचे चिलखत बाजूंना नऊ आणि तोफांच्या बाजूला दहा इंच आहे. १:१२० ला दहा इंच म्हणजे २.१ मिमी, आणि त्यामागे पुन्हा सागवान. बुरूज पीव्हीसी पाइपाचा केला आणि पाइपाची भिंत त्याहून पातळ निघाली, तर खिडकीतून बघणाऱ्याला डब्याचा पत्रा दिसेल. खिडकीच्या कडेला आतून पट्टी लावून जाडी भरून काढावी आणि सागवानाचा थर दाखवायला वरच्या दोन मिमीच्या पलीकडे तपकिरी रंगाचा एक वेढा द्यावा. तो कोणाला दिसणार नाही, पण आपल्याला ठाऊक असेल. गलबतवाले, आपण कागदाचे आठ थर चढवणारे गृहस्थ आहात, त्यामुळे हे आपल्याला सांगायला नको.

सामान मुंबईत सहज मिळते. पितळी तार आणि पातळ नळ्या लोहार चाळीत मिळतील, बारीक ड्रिल नागदेवी स्ट्रीटला. डेकच्या पन्हळीवर उपाय म्हणजे पुठ्ठा सोडून देणे आणि जे काही चिकटवाल ते दोन्ही बाजूंना सारखेच चिकटवणे, मग खालची बाजू कोणी पाहणार असो वा नसो.

जुना अल्बम (पुणे) यांचा प्रतिसाद

रंगाच्या प्रश्नावर थोडे लिहितो, कारण जुन्या छायाचित्रांच्या नादी लागून माझी बरीच वर्षे गेली आहेत.

त्या काळी छायाचित्रे टिपणाऱ्या, कोलोडियन या द्रावाचा लेप दिलेल्या ओल्या काचांना आणि नंतर आलेल्या सुरुवातीच्या कोरड्या काचांनाही निळा प्रकाश चटकन टिपता येई, पण लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि पिवळाही फारच मंद उमटे. परिणाम असा की निळे आकाश कोरे पांढरे येते, नौकेचा लाल तळ काळा येतो, आणि पिवळसर बफ रंगाचे धुराडे चांगलेच गडद करडे येते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटिश नौदलाचा काळे धड, पांढरे वरचे बांधकाम आणि बफ धुराडे हा पेहराव प्रसिद्ध आहे. पण करड्या छायाचित्रावरून रंग ठरवणाऱ्याने त्याच नौकेचे धुराडे काळे रंगवले, तर त्याला दोष देता येत नाही. उष्ण प्रदेशातल्या नौका पांढऱ्या रंगवण्याचीही रीत होती, तेव्हा मुंबईतल्या नौकेचे धड छायाचित्रात फिकट दिसले तर त्याचा अर्थ तसाच घ्यावा, आणि गडद दिसले तर काळ्याबरोबर इतर रंगांचाही विचार करावा. बफ म्हणजे हळदीचा पिवळा नव्हे. बेसनात किंचित लाल माती मिसळल्यासारखा तो रंग आहे, आणि तयार डबीतला पिवळा त्यासाठी नेहमीच भडक ठरतो.

दुसरा मुद्दा कालखंडाचा, आणि तो रंगाच्याही आधी ठरवावा. पाण्यात उतरली तेव्हा 'मॅग्डाला'वर चार दहा-इंची, तोंडाकडून भरायच्या तोफा होत्या, प्रत्येक बुरुजात दोन. १८९२ साली त्यांच्या जागी मागून भरायच्या आठ-इंची तोफा बसवल्या. प्रमाणात धरले तर आधीच्या नळीचे भोक २.१ मिमी आणि नंतरच्याचे १.७ मिमी, पण त्याहून मोठा फरक नळीच्या घाटात आहे. जुनी तोफ बुडाशी बाटलीसारखी जाड आणि पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होत जाणारी, नवी सडपातळ आणि खिडकीबाहेर जास्त डोकावणारी.

आपल्याला धाडस करायचे असेल तर एक तिसरा पर्यायही आहे. मुंबईला येण्यासाठी 'मॅग्डाला'वर तात्पुरत्या तीन डोलकाठ्या आणि शिडे चढवली होती आणि १८७० च्या हिवाळ्यात ती तशीच आली. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला 'कॅप्टन' ही कमी उंचीच्या धडावर भरगच्च डोलकाठ्या लादलेली ब्रिटिश बुरूजनौका स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात उलटली होती आणि ब्रिटिश फिरत्या बुरुजाचे जनक कोल्स हे तिच्याबरोबरच बुडाले होते. ही बातमी ताजी असताना, पाण्यावर त्याहूनही कमी उंची असलेल्या 'मॅग्डाला'वर शिडे चढवून निघालेल्या खलाशांना रात्री झोप कशी लागली असेल, असे मला नेहमी वाटते.

गलबतवाला (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आराखड्याची प्रत काढून मोजले आणि सागरवेडा यांचे म्हणणे खरे ठरले. तळाच्या लाकडी पट्टीसह नौका १:१२० ला कप्प्यात घट्ट बसते, नाळेसमोर आणि मागे मिळून बोटभरही जागा उरत नाही. तरीही प्रमाण तेच ठेवायचे ठरवले आहे. या प्रमाणात एक फूट म्हणजे बरोबर इंचाचा दहावा भाग होतो, त्यामुळे जुन्या आराखड्यावरचे फूट मला मनातल्या मनात मोजता येतात, आणि आराखडा १:४८ चा मिळाला तर झेरॉक्सवाल्याला फक्त चाळीस टक्के सांगायचे. कप्पा लहान पडला तर कपाटाची बाजूची फळी बदलता येईल. घरातून या प्रस्तावाला अजून मंजुरी आलेली नाही.

कालखंड १८७१ ते १८९२ मधला घेतो, म्हणजे डोलकाठ्या उतरवलेल्या आणि बाटलीच्या घाटाच्या तोफा. तोफांसाठी फिटर यांना एक प्रश्न आहे. पायऱ्यांचा घाट लेथशिवाय करता येईल का? माझ्याकडे फक्त हातड्रिल आहे.

आणि रिबिटांबद्दल कबुली देतो की 'मॅग्डाला'साठी मी दिवाळीतच दोनशे चिलखती चौकोनांवर टाचणीने खुणा करून ठेवल्या होत्या. ते सगळे आता उलटे चिकटवणार आहे.

फिटर (डोंबिवली)

करता येईल. हातड्रिल मेजावर शिकंज्यात आडवे धरा, त्यात पितळी नळ्या एकात एक घालून, प्रत्येक पुढची नळी आधीच्यापेक्षा लांब ठेवून पकडा आणि पायरीच्या कडेवर बारीक कानस टेकवून ती गोलसर करा. सर्वांत आतल्या नळीचे भोक २.१ मिमीच्या जवळचे निवडले की ड्रिल करायचे कामच उरत नाही. नळ्या एकमेकींत ढिल्या बसल्या, तर सायनो (झटपट चिकटणारा पातळ गोंद) ओतू नका, तो एका बाजूला साचून नळी वाकडी बसवतो. कल्हई करताना भांड्याला लावतात तसा कथिलाचा अगदी पातळ हात आतल्या नळीला द्या आणि मग गरम असतानाच सरकवा.

उलटे चिकटवण्यापूर्वी त्या चौकोनांची उंचवट्यांची बाजू २४० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा घासून घ्या. टाचणीने उठलेली खूण मागून उंचवटा सोडते, आणि चौकोन सपाट बसणार नाही.